‘पवित्र पथक’ की ‘देवपथक’?

प्रश्न आला तो असा. एक शिक्षिका मुलांसाठी प्राचीन युद्धांच्या गोष्टी मराठीत लिहीत आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन शहराच्या ‘सेक्रेड बँड’साठी, म्हणजे तिथल्या निवडक सैनिकांच्या तुकडीसाठी, त्यांना शब्द हवा आहे. त्या लिहितात, “मी ‘पवित्र पथक’ लिहिलंय, पण वाचताना कीर्तनाला निघालेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. ‘धर्मसेना’ चालेल का? आणि हे सगळे ‘नागरिक’ होते म्हणे. नागरिक होते तर मग सैनिक कसे?”

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, पण क्रमाने जाऊ.

‘धर्मसेना’ आधीच बाद करतो. त्या शब्दाला धर्मयुद्धाचा वास येतो आणि या मंडळींचा तसल्या युद्धाशी काही संबंध नव्हता. सिसिली बेटावरच्या ग्रीक शहरांशी कार्थेजचं भांडण होतं ते बंदरांचं, जमिनीचं आणि व्यापाराचं.

‘पवित्र’ची अडचण बाईंना बरोबर जाणवली. मराठीत पवित्र म्हणजे मुख्यतः शुद्ध. गंगाजल पवित्र, तुळस पवित्र, नातं पवित्र. शब्दात सोवळेपणा आहे, ताकद नाही. (ताकद त्याच्या काना जोडलेल्या भावात आहे, पण ‘पवित्र पथकाने पवित्रा घेतला’ हे वाक्य छापायचं धाडस मी करणार नाही.)

मुळात ‘सेक्रेड बँड’ हेच भाषांतर आहे. मूळ शब्द ग्रीक, ‘हिएरॉस लोखॉस’. कार्थेजचे लोक फिनिशियन वंशाचे, भाषा त्यांची प्युनिक, हिब्रूच्या जवळची. ते स्वतः या तुकडीला काय म्हणत ते कुठेच नोंदलेलं राहिलेलं नाही. आपल्यापर्यंत नाव पोचलं ते डायोडोरसच्या ग्रीक इतिहासातून, आणि तो पडला सिसिलीचाच, म्हणजे शत्रूकडच्या गावातला. त्याच्या कानाला ‘हिएरॉस लोखॉस’ हे नाव आधीच सवयीचं होतं, कारण ग्रीसमधल्या थीब्ज शहराची याच नावाची 300 जणांची तुकडी प्रसिद्ध होती. इ.स.पू. 338 साली कायरोनियाच्या लढाईत मॅसेडोनियाच्या फिलिपने तिचा निकाल लावला. दोन्ही तुकड्यांची सरमिसळ बरेच जण करतात. थीब्जची 300 ची, कार्थेजची अडीच हजारांची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता ‘लोखॉस’. हा शब्द ‘आडवं होणं’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. त्यातून आधी ‘दबा धरून बसणं’, मग दबा धरणारी टोळी, मग कुठलीही तुकडी. होमरच्या ओडिसीत ट्रॉयच्या लाकडी घोड्याला ‘पोकळ लोखॉस’ म्हटलंय, म्हणजे दबा धरायची पोकळ जागा. त्याच धातूवरून ग्रीकमध्ये बाळंतपणाचेही शब्द आले, आणि बाळंतिणीच्या स्रावाला आजचे डॉक्टर ‘लोकिया’ म्हणतात तो त्यातलाच. प्रसूतिगृह आणि रणांगण एकाच धातूवर नांदतात. याला मराठीत ‘पथक’ उत्तम. पेशवाईत पथक म्हटलं की घोडेस्वार आठवत आणि पायदळाला पुढे ‘पलटण’ आली, हे खरं. पण भरारी पथक, बॉम्बशोधक पथक आणि ढोलपथकाच्या जमान्यात घोडे कोणाला आठवतात?

खरी गंमत ‘हिएरॉस’मध्ये आहे. शब्दकोशात पहिला अर्थ ‘पवित्र, देवाचं’ असाच मिळेल. पण व्युत्पत्ती पाहिली की चित्र पालटतं. अनेक भाषाशास्त्रज्ञ हा शब्द वैदिक ‘इषिर’शी जोडतात. इषिर म्हणजे जोमदार, सळसळतं. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात सोमाला उद्देशून ‘इषिरेण ते मनसा’ असं म्हटलंय, आणि होमरमध्ये राजांच्या बळाला ‘हिएरॉन मेनॉस’ म्हटलंय. ‘मनस्’ आणि ‘मेनॉस’ तर सख्खे भाऊच. म्हणजे दोन्हीकडे तीच जोडी शेजारीशेजारी. इलियडमध्ये पहारेकऱ्यांच्या तुकडीलाही हेच विशेषण लावलंय. पहारेकरी काही पूजा करत नव्हते, ते सज्ज होते. आणि आणखी एके ठिकाणी, खडकावर बसलेला माणूस गळ टाकून समुद्रातून मासा ओढून काढतो, त्या माशाला होमर ‘हिएरॉस’ म्हणतो. टीकाकार शतकानुशतकं डोकं खाजवत बसले की मासा पवित्र कसा?

मराठी माणसाला हे कोडं पडायचं कारण नाही. आपल्याकडे देवमासा आहे. देवमाशाला कोणी हळदकुंकू वाहत नाही. तिथे ‘देव’ म्हणजे अफाट, माणसाच्या आवाक्याबाहेरचा. उलट देवराईतला ‘देव’ म्हणजे देवासाठी राखलेलं, जिथली काटकीही मोडायची नाही. राखीव आणि अचाट, हे दोन्ही अर्थ ‘हिएरॉस’मध्ये आहेत आणि मराठीतल्या ‘देव-’ या एवढ्याशा उपपदातही आहेत. ‘पवित्र’ने यातला एकही नीट साधत नाही.

म्हणून माझं मत ‘देवपथक’. ‘संशप्तक’ हा शब्दही मनात येऊन गेला. महाभारतात सुशर्म्याचे त्रिगर्त शपथ घेऊन अर्जुनावर चालून जातात, ते संशप्तक. पण त्या शब्दाचा प्राण शपथेत आहे. थीब्जच्या तुकडीत जोडीजोडीने लढणाऱ्यांच्या बाबतीत शपथेची परंपरा ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, त्यांना एखाद वेळी तो शोभेल. कार्थेजवाल्यांच्या शपथेबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही, त्यांच्या तोंडी ती आपण घालू नये.

आता ‘नागरिक’. मराठी वर्तमानपत्रात ‘गोळीबारात दोन जवान व चार नागरिक जखमी’ असं वाचायची सवय असल्यामुळे नागरिक म्हणजे सैनिक नसलेला, हे डोक्यात घट्ट बसलंय. ‘नागरिकांचं पायदळ’ म्हटलं की होमगार्ड डोळ्यांपुढे येतात. प्राचीन शहरांत भेद वेगळा होता. एका बाजूला शहराचा हक्कदार माणूस, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. आपल्याकडे जवळचा शब्द शोधायचा तर जुन्या गावगाड्यातला मिरासदार आणि त्याच्यासमोर उपरी. गोव्यात गांवकार. शब्द मुलांच्या गोष्टीत वापरू नका, पुस्तक एकदम देशावर येऊन आदळेल. पण समजून घ्यायला हीच जोडी कामाची.

कार्थेजच्या फौजेत लिबियन, इबेरियन, नुमिडियन अशा परक्यांचाच भरणा. त्यातले बरेच पेशवाईतल्या गारद्यांसारखे पगारावर आलेले म्हणा. अशा फौजेत देवपथक हे घरच्या माणसांचं. शौर्य, लौकिक आणि मालमत्ता या तिन्हींत उजवे अडीच हजार जण, असं डायोडोरस सांगतो. इ.स.पू. 341 च्या सुमारास सिसिलीत क्रिमिसस नदीकाठी ग्रीक सेनापती टिमोलिऑनने त्यांना गाठलं. नदी ओलांडून लढाई जुंपली आणि वादळ फुटलं. पाऊस आणि गारा नेमक्या कार्थेजवाल्यांच्या तोंडावर. अंगात जड चिलखत, अंगरखे भिजून पाणी धरलेले, पायांखाली चिखल. एकदा पडला तो उठेना. देवपथक तिथे कापलं गेलं. प्लुटार्क म्हणतो की एका लढाईत कार्थेजचे स्वतःचे इतके लोक पूर्वी कधीच पडले नव्हते, एरवी हार झाली तरी नुकसान दुसऱ्याच्या लेकरांचं व्हायचं. ‘नागरिक’ या शब्दाचा सगळा भार या एका शेऱ्यात आहे. पुढे कार्थेजने परदेशी, त्यातही ग्रीक, सैनिक भाड्याने आणायचं ठरवलं.

तरीही इ.स.पू. 310 मध्ये नाव परत दिसतं. सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा सत्ताधीश अगॅथोक्लीज थेट आफ्रिकेत उतरला, तेव्हा बाहेरून माणसं आणायला वेळच नव्हता, शहरवासीयांना जातीने मैदानात उतरावं लागलं. उजव्या बगलेवर कार्थेजचा सेनापती हॅनो आणि त्याच्याबरोबर देवपथक. इकडे अगॅथोक्लीजने आपल्या घाबरलेल्या सैन्यावर घुबडं सोडली. ती ढालींवर जाऊन बसली. घुबड हा अथीना देवीचा पक्षी, त्यामुळे सैनिकांना देवी पावल्याची खूण पटली. आपल्याकडे याच युक्तीने फौज पळून गेली असती! हॅनो पडला, दुसरा सेनापती बोमिल्कार मागे हटला, बाकीचे पांगले, तरी देवपथक आपल्याच मेलेल्यांवरून पुढे सरकत बराच वेळ लढत राहिलं. त्यानंतर ते इतिहासात दिसत नाही. ग्रीकांनी मात्र नाव टाकलं नाही. 1821 च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात इप्सिलांटिस या पुढाऱ्याने विद्यार्थ्यांची तुकडी उभारली, तिचंही नाव ‘हिएरॉस लोखॉस’च.

तर बाई, तुमचं वाक्य मी असं करीन: “कार्थेजच्या भाडोत्री फौजेत एक निवडक तुकडी शहराच्या स्वतःच्या माणसांची होती. तिला देवपथक म्हणत.” ‘नागरिक’ हा शब्द परीक्षेसाठी हवाच असेल तर पहिल्यांदा ‘कार्थेजचे नागरिक’ असं शहराच्या नावासकट लिहा. नुसतं ‘नागरिक सैनिक’ नको. आणि ‘म्हणत’च्या आधी ‘ग्रीक लोक’ घाला, कारण ते नाव त्यांचं.