अमेरिकेतून आणलेला मिक्सर भारतात थेट लावला तर चालेल का?

नाही, नुसती पिन बदलून लावू नका. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं). आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ॲडॉप्टर पिनचा फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आमच्या वहिनीने तिकडचा हेअर ड्रायर असाच लावला होता. दोन सेकंद विमानासारखा आवाज, मग जळका वास! व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की कॉइलची उष्णता साडेतीन पटींहून जास्त होते.

आधी मिक्सर उलटा करून तळाची पट्टी वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल (लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा असतंच), तर बिनधास्त लावा. नुसतं १२० असेल, तर स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर हवा. ५०० वॉटच्या मिक्सरला १००० वॉटचा घ्या, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते. विटेसारखा जड असतो, ओट्यावर जागा ठेवा.

ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ मात्र बदलत नाहीत. कार्बन ब्रशवाल्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) मिक्सरला त्याचं फारसं काही नाही. पण तिकडचं भिंतीतल्या प्लगवर चालणारं जुनं घड्याळ हर्ट्झच्या तालावर चालतं, म्हणून इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. हेअर ड्रायर, इस्त्री वगैरे तिकडेच ठेवून या.