व्हिसा आला, पण निघायचं कधी?

प्रश्न : माझे पती लीड्समध्ये असतात. मुलीच्या जन्मानंतर त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. आता नोव्हेंबरमध्ये माझा स्पाउस व्हिसा आणि नऊ वर्षांच्या मुलीचा व्हिसा एकदमच आला. दोन्ही 33 महिन्यांचे आहेत. पती म्हणतात, डिसेंबरमध्येच या. पण जानेवारीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि एप्रिलमध्ये मुलीची वार्षिक परीक्षा. माझ्या बढतीचंही ऑफिसात चाललंय, पण तो काही मुद्दा नाही. जूनपर्यंत थांबलो तर व्हिसा रद्द होईल का?

उत्तर : ताई, नुसतं उशिरा निघाल्याने व्हिसा रद्द होत नाही. मात्र पासपोर्टवर 90 दिवसांचं स्टिकर लावलेलं असेल आणि ती मुदत उलटली, तर पैसे भरून, पुन्हा बोटांचे ठसे देऊन नवं स्टिकर घ्यावं लागतं. ई-व्हिसा, म्हणजे स्टिकरऐवजी ऑनलाइन नोंद, असेल तर ही भानगड नाही. तुमच्या निर्णयपत्रात यातलं काय लिहिलंय ते आधी बघा.

खरा हिशेब पुढे आहे. कायमस्वरूपी वास्तव्याचा अर्ज करण्यासाठी जोडीदार म्हणून ब्रिटनमध्ये 60 महिने पूर्ण व्हावे लागतात, आणि ते मोजले जातात तुम्ही तिथे पाऊल ठेवल्यापासून. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा देतात तो निघायला तीन महिने मिळावेत म्हणून. उरलेले 30 आणि मुदतवाढीचे 30, झाले 60. तुम्ही जूनमध्ये गेलात तर सात महिने इथेच संपले. 26 आणि 30 मिळून होतात 56. चार महिन्यांसाठी आणखी एक मुदतवाढ! आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम, सध्या मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आणि मुलाला 776 पौंड आहे. मुदतवाढीच्या अडीच वर्षांचा दोघींचा मिळून साडेचार हजार पौंडांच्या वर जातो, आणि अर्जाची फी वेगळीच. शिवाय पहिल्या व्हिसासाठी हा अधिभार तुम्ही भरलेलाच आहे. इथे बसून त्याचा उपयोग शून्य.

मी तुमच्या जागी असते तर डिसेंबरच्या सुट्टीत मुलीला घेऊन दोन आठवडे जाऊन आले असते. त्या दिवसापासून तुमचे महिने मोजले जायला लागतील. मग ऑपरेशन आणि परीक्षेसाठी परत यायचं आणि एप्रिलअखेर कायमचं निघायचं. दोनदा तिकीट काढणं जिवावर येईल, पण वरच्या आकड्याशी ताडून बघा. फक्त, मधल्या गैरहजेरीला पटण्याजोगं कारण लागतं. हॉस्पिटलचे कागद आणि परीक्षेचं वेळापत्रक एका फाइलला लावून ठेवा. मुदतवाढीच्या वेळी तुम्ही खरोखर एकत्र राहता याचे पुरावेही मागतात, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले लागतात. म्हणून त्या दोन आठवड्यांत कौन्सिल टॅक्सवर (तिथल्या पालिकेचा घरपट्टीसारखा कर) तुमचं नाव चढवा, बँकेत खातं उघडायला घ्या, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंदणी करा. त्या पत्त्यावर तुमच्या नावाने टपाल येऊ लागलं की पुढचं निम्मं काम होतं.

मुलीच्या शाळेची काळजी नको. तिथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होत असलं तरी अधेमधे प्रवेश मिळतो, अर्ज कुठे करायचा ते कौन्सिलकडे विचारायचं. मे महिन्यात गेली तर जुलैच्या सुट्टीआधी तिला चार मैत्रिणी तरी होतील.

आता त्या अर्ध्या वाक्याबद्दल. ऑपरेशन जानेवारीत, परीक्षा एप्रिलमध्ये, मग जून आला कुठून? बढतीमुळेच ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्पाउस व्हिसावर तुम्हाला तिथे पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, आणि बायोडेटावर वरचं पद असेल तर ते कामालाच येईल. पण सासूबाईंच्या गुडघ्याआड लपू नका. पतींचा समज असा की आईसाठी थांबलंय. आई चालायला लागली की ते पुन्हा विचारतील, आणि तेव्हा तुम्हाला नवं कारण शोधावं लागेल. साहेबांना सरळ विचारा, बढतीचं पत्र कोणत्या महिन्यात मिळणार? तारीख मिळाली तर ती पतींना सांगा आणि जूनपर्यंत थांबण्याचा खर्च पेलायचा का, ते दोघांनी मिळून ठरवा. साहेब नुसतं 'बघू' म्हणाले, तर एप्रिल.

आणि हो, मुलीच्या पासपोर्टची मुदत बघा. लहान मुलांना तो पाचच वर्षांचा मिळतो. या दरम्यान नवा काढावा लागला, तर प्रवासाआधी त्याचा नंबर तिच्या यूकेव्हीआय खात्यात (ब्रिटिश व्हिसा विभागाचं ऑनलाइन खातं) बदलून घ्या, नाहीतर विमानतळावर चेक-इनलाच खोळंबा होईल.