पाइपिंग स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचा पाया: सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी काय पक्के असावे?

तुम्ही विचारले आहे की, पाइपिंगच्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसमध्ये (म्हणजे पाइपच्या धातूत येणाऱ्या ताणाच्या हिशोबात) सॉफ्टवेअर शिकण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पक्क्या असाव्यात, आणि वजनामुळे येणाऱ्या स्ट्रेसला कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमावलीत, एक मर्यादा असताना तापमानामुळे येणाऱ्या स्ट्रेसला तिच्याहून बरीच मोठी मर्यादा का दिली जाते. मी याच कामात आहे, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध हाच या विषयाचा पाया आहे. तो समजला की पूर्वार्धाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पाइपवर दोन निराळ्या प्रकृतीचे भार येतात. पहिला भार वजनाचा आणि आतील दाबाचा. हा भार कधीच माघार घेत नाही. पाइप कितीही वाकला तरी त्यातील द्रवाचे वजन कमी होत नाही. धातूची ताकद संपली की पाइप वाकतच जातो आणि शेवटी तुटतो. दुसरा भार हा खरे पाहता भार नसून हालचाल आहे. पाइप तापतो आणि त्याला ठरावीक लांबीने वाढायचे असते. तेवढी वाढ त्याला कुठेतरी मिळाली, मग ती बाजूची लेग (वळणानंतरचा सरळ भाग) वाकून असो किंवा एखाद्या ठिकाणी धातू किंचित यील्ड होऊन, म्हणजे कायमचा ताणला जाऊन, असो, की बल तिथेच थांबते. म्हणून पहिल्या प्रकारच्या स्ट्रेसला प्रायमरी आणि दुसऱ्या प्रकारच्या स्ट्रेसला सेकंडरी म्हणतात. पहिल्यात भीती कोसळण्याची असते, तर दुसऱ्यात प्लँट वारंवार सुरू आणि बंद होताना धातू थकून तडा जाण्याची.

आता कोडची मर्यादा पाहा. एएसएमई बी ३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या कोडमध्ये वजन आणि दाब यांच्या एकत्रित लाँगिट्यूडिनल स्ट्रेसला, म्हणजे सस्टेंड स्ट्रेसला, त्या तापमानाच्या अलाउएबल स्ट्रेसइतकीच (कोडने त्या धातूला परवानगी दिलेल्या स्ट्रेसइतकीच) मर्यादा आहे. ए १०६ ग्रेड बी या नेहमीच्या कार्बन स्टीलसाठी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत ती १३८ मेगापास्कल धरता येते. तापमानाच्या स्ट्रेससाठी मात्र थंड अवस्थेतील अलाउएबलची १.२५ पट आणि गरम अवस्थेतील अलाउएबलची ०.२५ पट यांची बेरीज घेतात. वरच्याच धातूसाठी ती २०७ मेगापास्कल होते. शिवाय हा आकडा कुठल्याही एका क्षणाच्या स्ट्रेसचा नाही. थंड अवस्थेपासून गरम अवस्थेपर्यंत स्ट्रेस किती बदलतो, त्या पल्ल्याची ही मर्यादा आहे. पहिल्या वेळी तापताना धातू थोडासा यील्ड झाला तरी थंड झाल्यावर त्यात उलट दिशेचा स्ट्रेस शिल्लक राहतो, आणि पुढची सायकल (एकदा तापून थंड होणे) त्या दोन टोकांच्या मध्ये इलॅस्टिकपणे, म्हणजे आणखी यील्ड न होता, चालते. हे होण्यासाठी संपूर्ण पल्ला यील्ड स्ट्रेंग्थच्या दुपटीच्या आत राहिला पाहिजे, आणि कोडने ठेवलेली मर्यादा त्याच्या बरीच आत आहे. सायकलींची संख्या ७००० पर्यंत असेल तर या बेरजेला लावायचा सायकलींचा गुणक १ धरता येतो. ७००० म्हणजे रोज एक सायकल धरली तर सुमारे १९ वर्षे. त्याहून जास्त सायकली असतील तर मर्यादा कमी होत जाते.

आकडे हाताने काढून पाहिल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. ६ इंची, शेड्यूल ४० चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची श्रेणी) पाइप: बाहेरचा व्यास १६८.३ मिलिमीटर, जाडी ७.११ मिलिमीटर. पाण्यासह त्याचे वजन दर मीटरला साधारण ४७ किलो भरते. ५ मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर तो साधा टेकवला, तर मध्यभागी वाकण्याचा स्ट्रेस जेमतेम १० मेगापास्कल येतो. अंतर दुप्पट केले की स्ट्रेस चौपट होतो, तरीही तो ४० च्या आसपासच राहतो. झोळ मात्र १६ पट वाढतो आणि दीड मिलिमीटरवरून २५ च्या पुढे जातो. म्हणजे सरळ, साध्या लाइनमध्ये वजनाचा स्ट्रेस क्वचितच अडचणीचा ठरतो. सपोर्टमधले अंतर बहुधा झोळावरून ठरते.

आता हाच पाइप ३० मीटर लांब आहे आणि त्याचे तापमान २०० अंशांनी वाढते असे समजा. कार्बन स्टील दर अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते, म्हणजे एकूण वाढ ७२ मिलिमीटर. दोन्ही टोके पक्की अडवली, तर इलॅस्टिक हिशोबाने स्ट्रेस ४८० मेगापास्कल येतो, जो या धातूच्या यील्ड स्ट्रेंग्थच्या दुप्पट आहे. धातू नुसता यील्डपर्यंत पोहोचला तरी टोकांवर सुमारे ८६० किलोन्यूटन, म्हणजे ८५ टनांहून जास्त बल येईल, आणि तेवढे बल सोसणारा अँकर कोणी बांधत नाही. गंमत अशी की या स्ट्रेसच्या सूत्रात लांबी येतच नाही. पाइप ३ मीटरचा असो की ३०० मीटरचा, दोन्ही टोके अडवली की स्ट्रेस तोच. पाइपची जाडी वाढवूनही तो कमी होत नाही. उलट क्षेत्रफळ वाढल्यामुळे अँकरवरचे बल मात्र वाढते. नव्याने काम करणारे पुष्कळ जण स्ट्रेस जास्त आला की शेड्यूल वाढवू पाहतात, त्यांनी ही गोष्ट मनात पक्की करावी.

मग उपाय काय? वळण. त्या ३० मीटरच्या टोकाला काटकोनात एक लेग दिली आणि ७२ मिलिमीटर तिला बाजूला ढकलू दिले, तर लेग वाकते आणि वाढ सामावून घेते. दोन्ही टोकांना न फिरणारी लेग धरून केलेला साधा हिशोब असा: ३ गुणिले धातूचा मॉड्युलस (ताठरपणाचा आकडा) गुणिले व्यास गुणिले हालचाल, भागिले अलाउएबल, आणि त्याचे वर्गमूळ. २०७ मेगापास्कल धरून उत्तर ६ मीटरच्या आसपास येते. सॉफ्टवेअरचे उत्तर यापेक्षा थोडे वेगळे येईल, पण हा आकडा आधी हातात असला की लेआउट करणाऱ्याला ‘इथे २ मीटर पुरणार नाहीत’ असे लाइन काढतानाच सांगता येते, आणि खरे काम तिथेच वाचते.

इथून या कामातला मूळ पेच सुरू होतो. वजनासाठी सपोर्ट हवेत, आणि प्रत्येक सपोर्ट हालचालीला थोडा तरी अडथळा करतो. सस्टेंड स्ट्रेस कमी करण्यासाठी घातलेला सपोर्ट एक्स्पान्शन, म्हणजे तापमानाचा, स्ट्रेस वाढवू शकतो; लवचीकतेसाठी काढलेला लूप (मुद्दाम दिलेला वळणांचा फेरा) वजनाला नवा लोंबता भाग देतो. स्ट्रेस इंजिनिअरचे कौशल्य बहुतांशी एवढेच आहे की, वजन कुठे टेकवायचे आणि वाढ कोणत्या दिशेला सोडायची हे त्याने एकाच वेळी ठरवावे. रेस्ट खालून उचलून धरतो, गाइड आडवी हालचाल रोखतो, लाइन स्टॉप अक्षाच्या दिशेने रोखतो आणि अँकर सगळेच रोखतो. यांतला कोणता, कुठे आणि कशासाठी, हे ज्याला सांगता येते त्याला हा विषय आला असे मी मानतो. घर्षणही विसरू नये. स्टीलवर स्टील घासताना घर्षणाचा गुणांक साधारण ०.३ धरतात, आणि लांब पाइप रॅकवर त्याची बेरीज होऊन अँकरवर मोठे बल येते.

आता एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा. वाकताना एल्बोचा गोल छेद किंचित लंबगोल होतो, त्यामुळे तो सरळ पाइपपेक्षा जास्त लवचीक असतो, पण त्याच्या भिंतीत स्ट्रेसही जास्त साठतो. या वर्तनाचे गणित १९११ मध्ये थिओडोर फॉन कारमान यांनी मांडले, आणि पुढे १९४० व १९५० च्या दशकांत ए. आर. सी. मार्कल यांनी खऱ्या फिटिंग्ज वारंवार वाकवून, तडा जाईपर्यंत चाचण्या घेतल्या. आजचे स्ट्रेस इंटेन्सिफिकेशन फॅक्टर, म्हणजे फिटिंगमध्ये स्ट्रेस किती पट धरायचा ते सांगणारे गुणक, त्याच कामावर उभे आहेत. बी ३१.३ ची पारंपरिक सूत्रे आपल्या ६ इंची लाँग रेडियस (मोठ्या त्रिज्येच्या) एल्बोला लावली, तर तो सरळ पाइपच्या साडेसहा पट लवचीक ठरतो आणि त्याच्या प्रतलात वाकताना गुणक २.३ च्या जवळ येतो. त्याच आकाराच्या, रीइन्फोर्समेंट पॅड (मजबुतीची पट्टी) नसलेल्या वेल्डेड ब्रँचला, म्हणजे फाट्याला, प्रतलाबाहेर वाकताना तोच गुणक साडेचारच्या आसपास जातो. म्हणून तडे जाण्याची शक्यता असलेली जागा शोधताना माझी नजर एल्बोआधी ब्रँचवर जाते.

वारा, भूकंप, रिलीफ व्हॉल्व्ह उडतानाचा धक्का हे प्रासंगिक भार झाले. ते थोड्या वेळापुरते असल्याने बी ३१.३ सर्वसाधारणपणे सस्टेंडसह अलाउएबलच्या १.३३ पट परवानगी देते, आणि वारा व भूकंप एकाच वेळी धरत नाहीत.

पाइप सुरक्षित राहिला म्हणजे काम झाले असे नाही, कारण त्याच्या टोकाला पंप, कॉम्प्रेसर किंवा व्हेसल (मोठे पात्र) असते. पंपाच्या नोझलवर (पाइप जोडण्याच्या तोंडावर) मर्यादेपेक्षा जास्त बल आले तर केसिंग ओढले जाते, शाफ्टचे अलाइनमेंट बिघडते आणि बेअरिंग व सील लवकर जातात. पाइपमधला स्ट्रेस तेव्हा अनेकदा अलाउएबलच्या निम्माही नसतो. म्हणून पंपासाठी एपीआय ६१० या पंपांच्या मानकातली बल आणि मोमेंट (वाकवणारा किंवा पिळणारा जोर) यांची कोष्टके वेगळी तपासावी लागतात, आणि गरम पंपाच्या लाइनची रचना बहुतेक वेळा तीच ठरवतात.

यातली एक जागा जवळून पाहण्यासारखी आहे. गरम पंपाच्या नोझलवरून ४ मीटर उभी लाइन वर जाते आणि तिचे वजन वरच्या एल्बोजवळच्या रेस्टवर टेकलेले आहे. तापमान २३० अंशांनी वाढले की ती उभी लाइन सुमारे ११ मिलिमीटर वर वाढते. पाइप रेस्टवरून उचलला जातो आणि रेस्टने पेललेले सगळे वजन नोझलवर जाते. थंड असताना जाऊन पाहिले तर सपोर्ट अगदी व्यवस्थित दिसतो. अशा ठिकाणी स्प्रिंग हवा. गरम अवस्थेत त्याने १० किलोन्यूटन पेलायचे असतील आणि स्प्रिंगचा भार प्रत्येक मिलिमीटरमागे १५० न्यूटनांनी बदलत असेल, तर ११ मिलिमीटरच्या हालचालीत भार १६५० न्यूटनांनी, म्हणजे साडेसोळा टक्क्यांनी बदलतो. हा बदल सामान्यतः २५ टक्क्यांच्या आत ठेवतात. त्याहून जास्त होत असेल तर मऊ स्प्रिंग किंवा कॉन्स्टंट हँगर (हालचालीतही भार जवळजवळ तोच ठेवणारा) घ्यावा लागतो.

वळणाला जागा नाही म्हणून बेलो (घड्या असलेला लवचीक जोड) टाकण्याचा मोह फार होतो, त्याबद्दल कळकळीने सांगतो. बेलो अक्षाच्या दिशेने जवळजवळ काहीच धरून ठेवत नाही, त्यामुळे आतील दाबाचा संपूर्ण रेटा बाहेरच्या अँकरांना किंवा टाय रॉडना (बेलोची दोन टोके बांधणाऱ्या सळ्यांना) पेलावा लागतो. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. तिथे सहा रिअ‍ॅक्टरांच्या रांगेतील पाचव्याला तडा गेल्याने तो काढून चौथा आणि सहावा २० इंची तात्पुरत्या पाइपने जोडला होता. दोन्ही टोकांना २८ इंची बेलो होते, रिअ‍ॅक्टर वरखाली असल्याने पाइपला मध्ये वळणे होती, आणि तो मचाणावर नुसता टेकवला होता. सरळ पाइप तो दाब सोसेल का, एवढाच हिशोब झाला होता. ९ बारच्या आसपासच्या दाबाला २८ इंची बेलोवर ३५ टनांहून जास्त रेटा येतो, आणि दोन टोकांचे रेटे एका रेषेत नसल्याने त्या वळणदार पाइपवर मोठा मोमेंट येत होता. त्या मोमेंटचा हिशोब कोणीही केला नव्हता.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी आयसोमेट्रिक ड्रॉइंग (लाइनच्या तिन्ही दिशा एकत्र दाखवणारे) कागदावर घ्या आणि प्रत्येक लेग किती मिलिमीटर, कोणत्या दिशेला वाढेल ते पेन्सिलीने लिहा. नोझलची स्वतःची वाढही त्यात धरा, कारण उंच, गरम व्हेसलचे नोझल वर सरकते आणि पाइपला सोबत ओढते. मग वजन कुठे टेकेल ते ठरवा आणि त्यानंतरच मॉडेल करा. निकाल आल्यावर स्ट्रेसच्या टक्केवारीचे पान आधी उघडू नका. आधी ऑपरेटिंग केसच्या (चालू, गरम अवस्थेच्या) हालचाली तुमच्या पेन्सिलीच्या आकड्यांशी जुळवा, शूची (पाइपखाली जोडलेल्या, सपोर्टवर सरकणाऱ्या तुकड्याची) लांबी त्या हालचालीला पुरते का ते पाहा, आणि मग सपोर्टवरचे भार ओळीने वाचा. एखाद्या रेस्टवर शून्य दिसले, तर पाइप तिथून का उचलला गेला आणि त्याचे वजन आता कोण पेलत आहे, हे कळल्यावरच पुढच्या पानाकडे वळा.