योनाचा भोपळा नव्हे, एरंड!

प्रश्न असा: बायबलच्या गोष्टीत निनवे या प्राचीन शहराबाहेर उन्हात बसलेल्या योना संदेष्ट्यावर एका रात्रीत सावली धरणाऱ्या ‘भोपळ्याच्या वेला’ला हिब्रूत काय म्हणतात?

किकायोन. आणि तो वेल नाही, एरंड आहे! प्रवचनांतून हा भोपळा ऐकून माझे कान किटलेत. तो शिरला बायबलच्या ग्रीक भाषांतरातून. पुढे बायबलचा भाषांतरकार जेरोम याने लॅटिनमध्ये त्याची आयव्ही (भिंतीवर चढणारी एक वेल) केली, तेव्हा ओएआच्या (आजचं त्रिपोली) मंडळीत गदारोळ झाला. बिशप ऑगस्टिनने इ.स. 403च्या सुमारास पत्र लिहून जेरोमला तसं कळवलं. गंमत म्हणजे जेरोमला झाड ठाऊक होतं. रुंद पानं, दाट सावली, स्वतःच्या खोडावर उभं, भराभर वाढणारं, असं वर्णन त्यानेच केलंय. लॅटिनमध्ये त्याला नाव नाही, हा त्याचा बचाव. नाही कसं? रोमन लेखक प्लिनीने त्याच्या कितीतरी आधी ‘रिकिनुस’ लिहून ठेवलंय. रिकिनुस म्हणजे गोचीड. एरंडाची ठिपकेदार बी तळहातावर घेऊन बघा, झटकून टाकाल!

तालमूद या यहुदी धर्मग्रंथात दिव्याच्या तेलांच्या चर्चेत ‘किक’चं तेल येतं आणि तिथेच एक रब्बी (यहुदी धर्मगुरू) सांगतो की हाच योनाचा किकायोन. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने वर्णिलेल्या मिसरी लोकांचं दिव्याचं तेल ‘किकी’, त्याला उग्र वास. आणखी काय पुरावा हवा?

आता गोष्ट वाचताना उकिरड्याकडेचा एरंड डोळ्यांपुढे आणा. बघता बघता डोक्यावर जातो, पंजासारखी पानं, आतून पोकळ खोड. अळी पडली की पानांची चाळण. गोष्टीतही अळीच लागते, त्यावर पूर्वेची झळ. आपण ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणतो ते हिणवून. योनाला मात्र तेवढ्या एरंडाचाही केवढा आनंद!

माझा लाडका तर्क पुढेच आहे. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणा हवं तर. याच गोष्टीत आधी योनाला गिळलेल्या माशाने त्याला ओकून टाकलं, तिथे हिब्रू क्रियापद ‘वय्याके’. ‘की’ म्हणजे ओकारी. की-योना, किकायोन! काही अभ्यासकांना हा श्लेष ओढूनताणून आणलेला वाटतो. कानाने वाचत नाहीत, दुसरं काय. शिवाय एरंडेल कशासाठी पाजतात, हे लहानपणी नाक दाबून प्यालेल्यांना सांगायला नको. दिशा वेगळी, इतकंच.