निळे पडलेले फोटो आणि बिथरणारं कासव

प्रश्न : १२ मीटर खोलीवर काढलेले कासवाचे फोटो निळेहिरवे येतात, त्यांत पांढरे ठिपकेही दिसतात. जवळ गेलं की कासव निघून जातं. काय चुकतंय?

उत्तर : पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, पहिल्या ५ मीटरांतच तो बराचसा जातो. म्हणून फोटो रॉ फॉरमॅटमध्येच (कॅमेऱ्याने टिपलेली माहिती न दाबता ठेवणारी फाइल) काढा. एडिट करताना व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (पांढरं काय ते दाखवून रंगांचा तोल साधणारं साधन) जवळच्या पांढुरक्या वाळूवर टेकवा, मागच्या पाण्यावर नको. लाल बेतानेच वाढवा. मुळात तो टिपलाच गेला नसेल, तर ओढूनताणून वाढवल्यावर सावल्यांत रवाळपणा उमटतो. असा फोटो सरळ कृष्णधवल करावा. कवचाची नक्षी छान उठते. ठिपके म्हणजे फ्लॅशच्या उजेडात चमकलेले कण. ते हीलिंग ब्रशने (डाग पुसणारं साधन) आधी काढा, डीहेझ (धूसरपणा कमी करणं) नंतर. उलट केलंत तर कण आणखी ठळक होतात. पुढच्या वेळी स्ट्रोब (कॅमेऱ्याला जोडायचा वेगळा फ्लॅश) लेन्सपासून लांब, किंचित बाहेर वळवून लावा.

कासवाचा पाठलाग मात्र आधी थांबवा. निदान ३ मीटर अंतरावर, बाजूला, स्थिर राहा. त्याच्या वर कधीही तरंगू नका. श्वास घ्यायला त्याला पृष्ठभागावर जावंच लागतं आणि नेमकी तीच वाट तुम्ही अडवता. चरता चरता थबकून त्याने मान उचलली, की हळूच मागे सरा.