ट्रॅक्टरच्या स्नो ब्लोअरमध्ये (बर्फ उडवून बाजूला फेकणाऱ्या यंत्रात) ओला, जड बर्फ सारखा का अडकतो?

बहुतेक वेळा चूक स्पीडची असते. लोक बर्फ जड आहे म्हणून इंजिन हळू चालवतात, करायचं असतं नेमकं उलटं. पीटीओ, म्हणजे इंजिनच्या जोरावर ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, पूर्ण स्पीडला ठेवा (बऱ्याच ब्लोअरना ५४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५४० फेरे लागतात, तुमच्या मशीनवर लिहिलेलं असेल) आणि ट्रॅक्टर मात्र सगळ्यात खालच्या गिअरमध्ये गोगलगाईसारखा चालवा, कारण आतला पंखा जोरात फिरला तरच बर्फ लांब फेकला जातो, नाहीतर तो नळीतच चिकटतो आणि थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होऊन बसतो. तरीही इंजिन दबत असेल तर पूर्ण रुंदी घेऊ नका, अर्धीच घ्या. नळीला आतून सिलिकॉन स्प्रे मारला की बराच फरक पडतो. आणि शक्यतो वाऱ्याच्या दिशेनेच फेका, नाहीतर सगळा बर्फ तुमच्याच तोंडावर!

अडकलाच तर हात अजिबात घालायचा नाही. पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, सगळं फिरायचं थांबू द्या आणि मग काठीने काढा. हातमोजे घातलेत म्हणून काही होत नाही असं समजू नका, बोटं अशीच जातात.

खडीचा रस्ता असेल तर खालचे स्किड शू (ब्लोअर ज्यांवर टेकून घसरतो त्या पट्ट्या) थोडे खाली करा म्हणजे ब्लोअर उचलला जाईल आणि दगड आत जाणार नाहीत. शिअर बोल्ट (जास्त ताण आला की मशीन वाचवायला मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच ग्रेडचा टाका, घरात पडलेला कडक बोल्ट टाकाल तर पुढच्या वेळी बोल्टऐवजी गिअरबॉक्स जाईल. दोन-चार जास्तीचे ट्रॅक्टरवरच ठेवा, तो तुटतो नेमका भर थंडीत.