डीबीएकडे क्वेरी फास्ट, ॲपमध्ये स्लो: भांडण्याआधी प्लॅन मिळवा

तुमची पोस्ट वाचून जुने दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय तेच: जावा ॲप, खाली एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस), एकच सर्च स्क्रीन लाइव्हवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, रखडते, आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) टीम "आमच्याकडे क्वेरी लगेच चालते, तुमचा कोड तपासा" असं लिहून तिकीट बंद करते. तुम्ही पुन्हा उघडता, ते पुन्हा बंद करतात. आमचं हुबेहूब असंच झालं होतं. इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) आहे का, स्टॅटिस्टिक्स (डेटा कसा पसरलाय याचे डेटाबेसचे अंदाज) ताजे आहेत का, हायबरनेट (जावात आपल्या वतीने क्वेऱ्या बनवणारी लायब्ररी) एका यादीसाठी शंभर क्वेऱ्या तर मारत नाही ना, हे तुम्ही बघितलं असणार असं धरून चालतो.

आमचं काम एका वित्तीय कंपनीसाठी होतं. आम्ही पुण्यात, आणि डेटाबेस सांभाळायला कंपनीने नेमलेली वेगळी टीम दुसऱ्या शहरात. नाव कुणाचंच घेत नाही. कर्जखात्याचा क्रमांक टाकायचा की खातं उघडायचं, एवढीच ती स्क्रीन. क्रमांकाच्या कॉलमवर इंडेक्स होता. तरी महिनाअखेरीला ती स्क्रीन मान टाकायची आणि शाखाशाखांमध्ये हप्ता भरायला आलेली माणसं ताटकळत उभी राहायची.

डीबीए टीम काय करायची, तर आमच्या तिकिटातली क्वेरी उचलून मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये (एसक्यूएल सर्व्हरवर हाताने क्वेरी चालवायचं साधन) टाकायची, पॅरामीटरच्या, म्हणजे ॲप आयत्या वेळी भरतं त्या मूल्याच्या, प्रश्नचिन्हाच्या जागी खातेक्रमांक साध्या अवतरणचिन्हांत लिहायची, चालवायची आणि स्क्रीनशॉट जोडायची. एक ओळ, वेळ शून्य सेकंद. आमच्या लॉगमध्ये त्याच क्वेरीला कित्येक सेकंद. दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच ते भांडण मिटेना.

कारण असं होतं. खातेक्रमांकाचा कॉलम व्हारचार (साध्या मजकुराचा टाइप) होता. मायक्रोसॉफ्टचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) मात्र जावाची प्रत्येक स्ट्रिंग मुळात युनिकोड म्हणून, म्हणजे एनव्हारचार म्हणून पाठवतो. दोन वेगळे टाइप समोरासमोर आले की एसक्यूएल सर्व्हर खालच्या दर्जाचा टाइप वरच्यात बदलतो, आणि इथे व्हारचार खालचा. म्हणजे पॅरामीटर न बदलता अख्खा कॉलम बदलायचा. आमच्या डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) जुन्या एसक्यूएल घराण्यातलं होतं, त्यात असं झालं की इंडेक्समध्ये नेमकी जागा शोधणं संपतं आणि पूर्ण स्कॅन (ओळीमागून ओळ चाळणं) सुरू होतो. विंडोज कोलेशन असतं तर इतकी वाट लागली नसती. स्टुडिओत अवतरणात लिहिलेला क्रमांक व्हारचारच असतो, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत. आणि यूएटीला, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, टेबल एवढंसं, की स्कॅन झाला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये.

हे लाइव्हच्या प्लॅनमध्ये, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याच्या डेटाबेसने आखलेल्या आराखड्यात, स्पष्ट दिसत होतं. आम्ही तोच मागत होतो. ॲक्सेस नको, तुम्हीच प्लॅनची फाइल काढून पाठवा, एवढंच. उत्तर यायचं, "डेव्हलपर्सना लाइव्हचा ॲक्सेस देता येत नाही", सोबत धोरणाचं पीडीएफ. फोनवर बोलूया म्हटलं तर "तिकिटातूनच बोला." पुढे त्यांच्याच शिफारशीवरून सर्व्हरला प्रोसेसरचे कोअर वाढवले. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून लायसन्स मुख्यतः कोअरवर मोजतात, तेव्हा ग्राहकाला ते केवढ्याला पडलं असेल ते बघा. फरक पुढची महिनाअखेर येईपर्यंतच टिकला. त्या काळात आमच्यातल्या एका अतिशय चांगल्या मुलीला "स्लो कोड लिहिते" या शिक्क्यासह प्रोजेक्टवरून काढलं. मला आजही राग येतो तो याचा. पैसा ग्राहकाचा होता, तो गेला. तिचं वर्ष कोण परत देणार?

सुटलं ते एका रात्रीच्या कॉलवर. तिकडे नवीन डीबीए रुजू झाले होते. त्यांनी स्क्रीनशॉटच्या भानगडीत न पडता प्लॅन कॅश (सर्व्हरने जपून ठेवलेले प्लॅन) उघडली आणि विचारलं, "तुमच्या पॅरामीटरपुढे एनव्हारचार ४००० का दिसतंय?" मग स्क्रीन शेअर केली. सिलेक्टच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण, त्यावर माउस नेला की कन्व्हर्ट इम्प्लिसिट (टाइप आपोआप बदलल्याची खूण) आणि आमच्याच कॉलमचं नाव. पुढचं काम किरकोळ होतं.

दुरुस्ती म्हणजे कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सेंड-स्ट्रिंग-पॅरामीटर्स-ॲज-युनिकोड (इंग्रजीत सलग, जोडचिन्हांशिवाय) फॉल्स करायचं. पण डोळे झाकून करू नका. तुमच्याकडे ग्राहकांची नावं, पत्ते देवनागरीत साठवत असतील तर ते कॉलम एनव्हारचार असतात, आणि हे सेटिंग बदलल्यावर जावाच्या साध्या सेटस्ट्रिंग पद्धतीने लिहिलेल्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं पडतील. अशा ठिकाणी सेटएनस्ट्रिंग वापरावं लागतं. तेवढा कोड तपासायला सवड नसेल तर फक्त त्या एका क्वेरीत पॅरामीटर व्हारचारला कास्ट करा (टाइप बदलून घ्या). दिसायला ओबडधोबड आहे, पण महिनाअखेर निघून जाते.

तुमचं कारण हेच असेल असा माझा दावा नाही. याच लक्षणांचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे अरिथॲबॉर्ट, हे कनेक्शनचं एक सेटिंग. स्टुडिओत ते मुळात ऑन असतं, बहुतेक ड्रायव्हरमधून ऑफ, आणि दोन्हींचे प्लॅन कॅशमध्ये वेगवेगळे राहतात. ॲपच्या वाट्याला भलत्याच पॅरामीटरसाठी बनलेला जुना प्लॅन येतो आणि डीबीएला ताजा. म्हणून त्यांना सांगा, चाचणी करताना ते ऑफ करा आणि क्वेरी एसपी एक्झिक्यूट-एसक्यूएलमधून (पॅरामीटरसह क्वेरी चालवणारी सर्व्हरची तयार प्रोसीजर), पॅरामीटरला एनव्हारचार टाइप देऊन चालवा. ॲप जसं विचारतं तसं विचारल्याशिवाय "आमच्याकडे फास्ट आहे" या वाक्याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

मागताना "ॲक्सेस द्या" असं मोघम मागू नका. शोप्लॅन (प्लॅन बघायला) आणि व्ह्यू डेटाबेस स्टेट (डेटाबेसची अंतर्गत स्थिती बघायला) या दोन परवानग्या नावानिशी मागा. यांनी डेटातला एक शब्दही बदलता येत नाही. तुमची आवृत्ती २०१६ किंवा नंतरची असेल तर क्वेरी स्टोअर (क्वेऱ्यांचे प्लॅन आणि वेळ नोंदवून ठेवणारी सोय) चालू आहे का ते विचारा. २०२२ मध्ये नव्या डेटाबेसला ते आपोआप चालू असतं, पण अपग्रेड होऊन आलेल्या जुन्या डेटाबेसवर ते चालू असेलच असं नाही. आणि इथे डीबीएंची एक बाजू रास्त आहे. प्लॅनच्या एक्सएमएलमध्ये पॅरामीटरची खरी मूल्यं असू शकतात, म्हणजे एखाद्याचा खातेक्रमांक किंवा पॅनसुद्धा. ती पुसून पाठवा असं आपणच आधी लिहिलं तर नकाराला कारण उरत नाही. ऑरॅकल डेटाबेसवाल्यांसाठी: एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसच्या कामगिरीचा अहवाल) मिळत नसेल तर लगेच आडमुठेपणा समजू नका. त्याला डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं, तुमच्याकडे ते नसेल. मग स्टॅट्सपॅक, म्हणजे तशाच अहवालाचा जुना पर्याय, मागा.

डीबीए नको का म्हणतात हेही समजून घ्यायला हवं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवायची सेवा देणारी कंपनी) एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी उडवली. बॅकअप बघायला गेले तर पीजीडंप या बॅकअप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती जुळत नसल्याने तो होतच नव्हता, आणि तो फसल्याचे इशाऱ्याचे मेल मधेच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी ते सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. रात्री ज्याचा फोन वाजतो त्याच्या मनात ही भीती कायम असते, आणि आपण शुक्रवारी संध्याकाळी आल्टर टेबलची (टेबलची रचना बदलणारी) स्क्रिप्ट पाठवतो. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्यांनी निदान त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट (टेबलचा ताबा मिळायची वाट किती वेळ बघायची याची मर्यादा) लावावा. नाहीतर एखादा लांबलचक रिपोर्ट संपायची वाट बघत आल्टर उभा राहतो, त्याच्यामागे साधे सिलेक्टही अडकतात, आणि शिव्या डीबीए खातात.

तरीही माझं मत ठाम आहे: चूक कोणाची हे ठरवण्यासाठी तिकीट वापरणारी टीम कितीही सावध असो, ती डेटाबेस राखत नाही, स्वतःची अब्रू राखते. अशा टीमशी लेखी वाद वाढवू नका. त्यांच्यातला प्लॅन वाचणारा एक माणूस शोधा, कुठल्या शिफ्टला असतो ते विचारा आणि त्या वेळेला कॉल लावा. मॅनेजर नाराज झाले तरी चालेल.

तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी नाहीत: डेटाबेसचं कोलेशन, आणि सर्चच्या कॉलमचा नेमका टाइप. त्या लिहा. प्लॅन हाती लागलाच तर टेबल-कॉलमची नावं बदलून आणि मूल्यं पुसून इथे टाका, मी आणि इतर जण बघू.